पांढऱ्या धुळीतली पावलं

१

आमच्या संस्थेतून आजवर पुष्कळ गोष्टी चोरीला गेल्या. चादरी गेल्या, चमचे गेले, एकदा तर भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत असतानाच गेलं. पण पाय चोरीला गेला तो त्या दिवशी पहिल्यांदाच.

मी सकाळची फेरी मारत होते, तेवढ्यात पायवाल्यांची हाक आली. पायवाले म्हणजे आमचे कारागीर. लढाईत पाय गमावलेल्या जवानांना ते नवा पाय करून देतात, म्हणून त्यांना सगळे पायवालेच म्हणतात. त्यांचा स्वतःचा डावा पायही त्यांनीच केलेला आहे. राग कायम नाकावर. मला हाक मारली तीही अशी, की जणू पाय मीच पळवला होता.

"मेट्रनबाई, इकडे या. आणि दारातच थांबा, आत पाऊल टाकू नका."

मी इस्पितळात मेट्रन होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून या संस्थेची देखरेख अंगावर घेतली. लोकांच्या देणग्यांवर आमचं चालतं. जखमी जवानाला इथे पाय मिळतो, चालायला शिकवतात, आणि तोवर त्याच्या घरच्यांना मागच्या बाजूला राहायला खोली मिळते.

इथली एक रीत आहे. प्रत्येक पाय कुणा शहीद जवानाच्या नावाने दिला जातो, आणि तो देतात त्याच्याच घरची माणसं. ती समोर खुर्चीवर बसतात आणि पाय मिळालेला जवान त्यांच्या दिशेने चालत जातो. आम्ही त्याला 'पहिली पावलं' म्हणतो. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय, तरी दर वेळी मला चष्मा पुसावा लागतो.

त्या दुपारी एक कंडक्टरबाई यायच्या होत्या. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडून त्यांनी एकट्याने मुलगा वाढवला होता. तो सुरुंगाच्या स्फोटात गेला. त्याच स्फोटात त्याच्या दोस्ताचा डावा पाय गेला. बाईंनी संस्थेला सांगितलं, पाय माझ्या मुलाच्या नावाने द्या, आणि त्याच्या दोस्तालाच द्या. तेव्हापासून त्यांचा फोन यायचा आणि त्यांचा प्रश्न एकच असायचा, चालतोय का तो. तो चालताना पाहायचा, एवढ्याच आशेवर त्या बाईने ते वर्ष काढलं होतं.

आणि तोच पाय नाहीसा झाला होता.

२

पायवाल्यांच्या खोलीला दोन दारं आहेत. एक पुढचं, त्याला कुलूप. दुसरं व्यायामाच्या हॉलमध्ये उघडणारं, त्याला आतून कडी. पुढचं कुलूप जसंच्या तसं होतं. हॉलकडच्या दाराची कडी मात्र काढलेली होती.

आता पायवाल्यांची कामाची पद्धत सांगायला हवी. प्लॅस्टरचे साचे ते संध्याकाळी सगळ्यात शेवटी यंत्रावर घासतात. खोलीभर पांढरी धूळ उडते. यंत्र बंद करून ते लगेच कुलूप लावून जातात, धूळ मागाहून निवांत खाली बसते आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसली जाते. त्यामुळे सकाळी ती जमीन कुणी पीठ चाळून ठेवल्यासारखी असते.

त्या सकाळी त्या धुळीत पावलं उमटली होती. कोपऱ्यात पडदा लावलेली एक जागा आहे, तिथे पाय घालून बघतात. नवा पाय तिथेच स्टुलावर ठेवला होता. पावलं त्या पडद्यापासून निघाली होती आणि हॉलकडच्या दाराशी संपली होती. आत येणारं पाऊल एकही नव्हतं.

"म्हणजे चोर आलाच नाही," पायवाले म्हणाले, "नुसता गेला."

मी वाकून पाहिलं. उजवं पाऊल माणसाचं असतं तसं, पुढच्या भागावर जोर पडलेलं. डावं मात्र ताठ, बुटाच्या टाचेपासून चवड्यापर्यंत एकसारखं टेकलेलं. असा ताठ पाय इथे पहिल्या दिवसापासून माझ्या ओळखीचा. कृत्रिम पाय असाच टेकतो.

तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब आले. ते फौजेतले मोठे अधिकारी होते आणि अजूनही संस्था परेडसारखी चालवतात. त्यांनी पावलं पाहिली, पायवाल्यांचा डावा पाय पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय करावं? आदल्याच दिवशी पायवाले हॉलमध्ये सगळ्यांसमोर ओरडले होते की पाय अजून जमलेला नाही, मी तो देणार नाही, समारंभ पुढे ढकला. रोजची किल्लीही त्यांच्याचकडे. माझ्या तोंडून निघून गेलं, "पायवाले, तुम्हीच उचलून ठेवलात ना तो? आता द्या बरं, झालं गेलं विसरून जाऊ."

दारात दोनतीन जवान उभे होते, त्यांच्या देखत बोलले मी हे. पायवाल्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण तो आला नाही. त्यांनी अंगावरचा ॲप्रन सोडला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि माझ्या शेजारून मान खाली घालून बाहेर निघून गेले.

३

सेक्रेटरीसाहेबांना पोलीस नको होते. पेपरवाले यायचे होते, संस्थेची अब्रू होती. दुसराच कुठला तरी पाय पँटच्या आत बांधून त्याला नुसतं उभं करता येईल का, असंही त्यांनी मला विचारून पाहिलं. मी म्हटलं, साहेब, त्या बाईंनी आयुष्यभर विनातिकीट माणसं पकडली आहेत, तुमचं हे सोंग त्या दारातूनच ओळखतील. मग ते हळूच म्हणाले की पायवाले मुदत मागत होते, पण तारीख मीच रेटली, पाहुणे ठरले होते म्हणून. पुढच्या कुलपाची दुसरी किल्ली साहेबांकडे असते, ती कुठे होती तेही मी विचारून घेतलं. ती त्यांच्या घरी खुंटीला होती आणि आदल्या संध्याकाळी ते नातीच्या शाळेत बसले होते.

नंतर मी ज्याचा पाय त्याच्याकडे, त्या दोस्ताकडे गेले. त्याला वॉर्डात सगळे धप्प्या म्हणायचे. चालायच्या दोन दांड्यांमध्ये त्याला उभं केलं की तीनचार पावलांत तो धप्पकन खाली, हे रोजचं. बाकीचे जवान थट्टा करायचे, तोही हसायचा. पायवाले मात्र दर वेळी पाय काढून घ्यायचे, मांडी बसते ती वाटी पुन्हा घासायचे आणि पुटपुटायचे की माझ्या हाताला झालंय तरी काय.

धप्प्या पलंगावर बसून खोकत होता. पाय गेल्याचं त्याला कळलं होतं. मी विचारलं, काल संध्याकाळी कुठे होतास? व्यायाम झाल्यावर खोलीत येऊन पडलो, म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. मग त्याने एकच विचारलं, "आता त्या येणार नाहीत ना?"

"येणार," मी म्हटलं. "बसमध्ये बसल्या असतील एव्हाना."

त्याचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं बिचाऱ्याला पाय गेल्याचं दुःख होतंय.

बाहेर त्याची बायको कपडे वाळत घालत होती. पोरगी साधी, बोलायला गोड, पण त्या दिवशी तिची नजर माझ्याकडे वळेना. मी विचारायच्या आधीच म्हणाली की हे काल अंधार पडायच्या आत खोलीत होते, जेवले आणि झोपले. न विचारता दिलेलं उत्तर मला कधीच आवडत नाही. मी दोरीकडे पाहिलं. दोरीवर फक्त त्याचाच शर्ट होता. कपडे धुवायचा दिवस तो नव्हता. खाली मोरीत बादलीतलं पाणी तसंच होतं, आणि ते ताकासारखं पांढरं होतं.

ती हातातला चिमटा विसरून माझ्याकडे बघत राहिली.

४

मी पुन्हा पायवाल्यांच्या खोलीत गेले. या वेळी भिंतीच्या कडेकडेने, पावलांना धक्का न लावता, पडद्यापर्यंत.

स्टुलाखाली एक बुटांचं खोकं होतं. कंडक्टरबाईंनी नवे बूट पाठवले होते, पहिली पावलं नव्या बुटांत पडावीत म्हणून. डावा बूट पायवाल्यांनी आदल्या संध्याकाळी त्या पायाला चढवून ठेवला होता. उजवा खोक्यात होता. मी तो उचलला, उलटा करून तळवा पाहिला आणि धुळीतल्या डाव्या पावलाशेजारी धरला.

तीच नक्षी. एकेक रेघ स्वच्छ, कुठेही झिजलेली नाही.

पायवाल्यांचा डावा बूट बाहेरच्या अंगाने पार घासलेला आहे, ते चालताना तिकडे कलतात. ते पाऊल त्यांचं नव्हतंच. ज्या बुटाने जमिनीला कधी स्पर्श केला नव्हता, त्या बुटाचं ते होतं. म्हणजे पाय कुणी काखेत मारून नेला नव्हता. पाय चालत गेला होता.

पायवाल्यांना मी सकाळी काय बोलले ते आधी आठवलं, आणि मग पुढचं सुचलं. आमच्याकडचा प्रत्येक पाय एकाच माणसाच्या मांडीवरून साचा घेऊन केलेला असतो. दुसऱ्या कुणी तो घालू म्हटलं तर दोन पावलंही टाकता यायची नाहीत. आणि ही पावलं सरळ, सारख्या अंतरावर, न अडखळता गेली होती.

आत येणारं पाऊल का नव्हतं तेही आता कळत होतं. तो धूळ उडायच्या आधीच आत होता. व्यायाम संपल्यावर पडद्यामागे जाऊन बसला. पायवाल्यांनी पडदा सारून बघितलं नाही, यंत्र चालवलं, कुलूप लावून गेले. तो मात्र तिथेच धूळ खात बसला. म्हणून सकाळी खोकत होता, म्हणून शर्ट धुवावा लागला. आणि निघताना पाय घालूनच निघाला, कारण दोन्ही कुबड्या घेणाऱ्याला पाय न्यायला तिसरा हात कुठून येणार. पाय घातला आणि कुबड्या न टेकवता हातात उचलून घेतल्या.

एकच अडचण होती. धप्प्याला चालता येत नव्हतं.

मी हॉलमधल्या त्या दांड्यांपाशी जाऊन उभी राहिले आणि त्याचं पडणं डोळ्यांपुढे आणलं. इस्पितळात मी शेकडो माणसं पडताना पाहिली आहेत. खरा पडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. दांडी धरतो, माझा पदर धरतो, नर्सची वेणीसुद्धा धरतो. धप्प्या पडायच्या आधी हात सोडायचा. आधी हात सुटायचे, मग तो पडायचा, आणि पडायचा तोही नेहमी गादीच्या बाजूला. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी, म्हणे सोंग ओळखणारी मेट्रन, त्याला लिंबूपाणी देत होते.

५

वॉर्डात पाय लपवायला जागा नाही, पलंगाखालीसुद्धा रोज झाडू फिरतो. मग कुबड्यांवरच्या माणसाला जिथे जाताच येणार नाही अशी जागा कोणती, असा मी विचार केला आणि जिना चढून गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे, चादरीत गुंडाळलेला, नव्या बुटासकट तो उभा करून ठेवला होता. आडवा टाकलेला नव्हता. टाकवला नसावा त्याला.

मी तो चादरीसकट काखेत घेऊन धप्प्याच्या खोलीत गेले. बायको तिथेच होती. पाय बघितल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला," धप्प्या म्हणाला. "हॉलमध्ये कुणी नव्हतं. सहज उभा राहिलो आणि चाललो. इतका सरळ चाललो की घाबरलोच."

"मग पडायचास कशाला?"

तो चादरीचं टोक चुरगळायला लागला. मग सांगितलं. त्यांची तुकडी वाटेतले सुरुंग हुडकणारी. पुढे कोण चालणार याची पाळी ठरलेली असायची. त्या दिवशी पाळी त्याची होती. बूट नवे मिळालेले, डाव्या टाचेला फोड आलेला, आणि हा सकाळपासून कुरकुरत होता. दोस्त वैतागून म्हणाला, तुझं रडगाणं पुरे, तू ये मागून लंगडत, मी होतो पुढे.

"फोड होता हो मेट्रन. एवढासा," त्याने नख दाखवलं. "त्यावर फडकं बांधून चालता आलं असतं मला. मी मुद्दामच जास्त लंगडलो."

त्याची बायको हे पहिल्यांदाच ऐकत होती, ते तिच्या पाठीवरून कळत होतं.

"आणि त्याची आई मला पाय देते आहे. वर म्हणते, चालत ये माझ्याकडे. कसा जाऊ? कुठल्या तोंडाने जाऊ?"

बायकोने मग सांगितलं की काल रात्री गच्चीवर चालताना तिने त्याला पाहिलं होतं, पाय काढून ठेवल्यावर जिना उतरायला हातही तिनेच दिला होता. कुणाला बोलली नाही. नाही चालले तर नाही, पुन्हा फौजेत तरी जाणार नाहीत, असे तरी माझ्यासमोर राहतील, असं तिला वाटलं होतं. पायवाल्यांवर आळ आला तेव्हाही ती गप्प राहिली, आणि ते तिला सकाळपासून खात होतं.

मला दोघांना एकेक ठेवून द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी दोघांना पोटाशी धरावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. पायवाले मागच्या अंगणात एकटे बसले होते, त्यांच्याकडे गेले आणि सगळ्यांसमोर जे बोलले होते त्याची माफी सगळ्यांना बोलावून मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, माफ केलं असं म्हणाले नाहीत. बाकीचे पांगल्यावर खरं काय ते मी त्यांना एकट्याला सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे पाय पहिल्यापासून बरोबर होता?"

"बरोबर होता," मी म्हटलं.

ते उठले आणि धप्प्याच्या खोलीकडे निघाले. मी मनातून चरकले, आता याला बडवतात की काय. पण आत जाऊन ते खाली बसले आणि त्याच्या मांडीला पाय चढवायला लागले. पट्टे आवळता आवळता म्हणाले की माझ्या हातावरचा माझा विश्वास उडवलास तू गाढवा, त्याबद्दल तुला मी सोडणार नाही. आज चालून घे, मग बघतो तुझ्याकडे.

६

कंडक्टरबाई पहिल्या रांगेत एकट्या बसल्या. अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले, पर्स मांडीवर. सेक्रेटरीसाहेबांचं भाषण मी त्यांना अर्ध्यावर आवरायला लावलं आणि पेपरवाल्यांना चहाला पाठवलं. साहेबांनी डोळे वटारले, पण असं का केलं ते मी त्यांना नंतर सांगितलं.

काय करायचं ते मी धप्प्यावर सोडलं होतं. गप्प राहिलास तर मीही गप्प राहीन, असं त्याला सांगितलं होतं. चुकीचं होतं का ते, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो दांड्यांच्या टोकाला उभा राहिला. वॉर्डातले जवान श्वास रोखून बसले होते, त्यांना वाटलं आता धप्प. त्याने दांड्या सोडल्या आणि चालायला लागला. सरळ, सावकाश, खुर्चीच्या दिशेने. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली. त्यांच्यापासून हातभर अंतरावर तो थांबला, आणि तिथे उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. पाळी, बूट, फोड. मुद्दाम लंगडलो तेही. काही म्हणता काही लपवलं नाही.

त्याचं संपल्यावर बाईंनी पर्स उघडली, रुमाल काढला, आणि न वापरता परत ठेवला.

"तो पुढे गेला तेव्हा हसत होता का?" त्यांनी विचारलं.

"वैतागला होता माझ्यावर."

"मग खरं सांगतोयस." त्या उठल्या. इतक्या बारीक बाई, पण त्यांचा आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा होता, सगळ्या हॉलला ऐकू गेला. "मी तुला माफ केलं, असं माझ्याकडून ऐकायला थांबला असशील तर थांबू नकोस. ते मला आज जमणार नाही. पुढे जमेल की नाही, ते मलाच माहीत नाही."

"हो," तो म्हणाला.

"पण हा पाय माझ्या मुलाच्या नावाचा आहे. तो कोपऱ्यात ठेवून द्यायचा नाही, आणि पुन्हा पडायचं तर मुळीच नाही. दर वर्षी, तो गेला त्या दिवशी, माझ्या दारापर्यंत चालत यायचं. मी दार उघडेन की नाही, ते मी सांगत नाही. तू मात्र यायचं."

त्या चहा न घेता गेल्या. मी फाटकापर्यंत सोडायला गेले, काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवत होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि बस पकडली.

वर्ष झालं तेव्हा धप्प्याची गाठ पडली. आता त्याला धप्प्या म्हणायची कुणाची छाती होत नाही, पण माझ्या तोंडी तेच बसलंय. तो नुकताच तिकडून परत आला होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारायचं नाही असं ठरवलेलं असूनही विचारलं.

"दार लावलेलंच होतं," तो म्हणाला. "आत पंखा चालू होता, त्याचा आवाज येत होता. मी उभा राहिलो बराच वेळ."

"मग?"

"मग काय, पुढच्या वर्षी परत."